गिअर पडतो आणि निसटतो : जुन्या आउटबोर्डचं दुखणं (मदत हवी)

कोळीवाडा_९८ | रविवार, रात्री ९:४०

होड्यांसाठी वेगळा विभाग नाही म्हणून ‘वाहने’मध्ये टाकतोय. अ‍ॅडमिन, हलवायचा तर हलवा.

वरळी कोळीवाड्यात आमची बावीस फुटी फायबरची होडी आहे. मागच्या फळीवर ४० हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), बाबांनी १९९८ साली घेतलेलं. कंपनी लिहीत नाही, कारण तिचा काही दोष नाही. इतकी वर्षं खार्‍या पाण्यात माणूस टिकत नाही, इंजिन टिकलं. होडी बाबा आणि एक खलाशी चालवतात. मी बँकेत, त्यामुळे रविवारचा गडी.

दुखणं असं : पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये होडी पाण्यात टाकली तेव्हापासून पुढचा गिअर टिकत नाही. पडतो व्यवस्थित. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत काही नाही. त्याच्यावर गेलो की खालून कट्... कट्-कट्-कट्, इंजिन किंचाळतं आणि होडी जागच्या जागी. लिव्हर न्यूट्रलला आणून परत टाकला की पुन्हा थोडं चालतं. रिव्हर्सला मात्र काही तक्रार नाही.

गेल्या मंगळवारी हे कोस्टल रोडच्या खांबांमध्ये झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आमच्या लोकांनी भांडून दोन खांबांमधलं अंतर ६० चं १२० मीटर करून घेतलं, तेही कमीच आहे असं आमचं म्हणणं. ओहोटीचा ओढा, गिअर सुटलेला आणि होडी आडवी. खलाशाने वल्हं खांबाला लावलं म्हणून निभावलं.

बाबा म्हणतात, “माझे इंजिनला काय जालं नाय, पंखा सटकला असल.” पंखा म्हणजे प्रोपेलर. शेजारचे म्हणतात खालचा गिअरबॉक्सच बदल. त्या पैशात अर्धं नवीन इंजिन येईल. आधी काय बघू?

चहाटळ | रात्री ९:५२

आमच्या ऑफिसातही एक असाच आहे. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत ठीक, पुढे ढकलला की किंचाळतो आणि जागच्या जागी. रिव्हर्सला मात्र काही तक्रार नाही.

नाक्यावरचा | रात्री १०:०५

सरळ आहे. क्लच प्लेट घासल्या. बदलून टाका, विषय संपला. आमच्या स्कूटरला सेम झालं होतं.

गॅरेजवाले_काका | रात्री १०:४८

नाक्यावरचे, आउटबोर्डला क्लच प्लेट नसतात. तिथेच सगळी गंमत आहे, जरा सविस्तर लिहितो. तीस वर्षं भाऊच्या धक्क्याच्या आसपास हीच कामं केली, आता डोंबिवलीत बसून नातवाची सायकल दुरुस्त करतो.

इंजिनाखाली जो टॉर्पेडोसारखा फुगीर भाग पाण्यात असतो त्यात तीन गिअर असतात. वरून उभा शाफ्ट येतो, त्याच्या टोकाला छोटा पिनियन. तो एकाच वेळी दोन गिअर फिरवतो, एक पुढचा, एक मागचा, एकमेकांच्या उलट दिशेने. हे दोन्ही कायम फिरत असतात, न्यूट्रलमध्येसुद्धा. पंख्याचा शाफ्ट त्यांच्या मधून जातो, पण त्यांना जोडलेला नसतो. शाफ्टवर लांबीच्या खाचांमध्ये मागेपुढे सरकणारं एक पोलादी कडं असतं, दोन्ही तोंडांना जाड दात. त्याला डॉग म्हणतात. लिव्हर पुढे केला की डॉग सरकून पुढच्या गिअरच्या दातांत अडकतो, मागे केला की मागच्या. मधोमध राहिला की न्यूट्रल. बस्स. घसरायला प्लेट नाही, दाबायला क्लच नाही. दात दातात पूर्ण बसले तर बसले, नाही तर ठोकर.

तुमचं ‘कट्-कट्’ हे डॉगचे दात गिअरच्या दातांवरून उड्या मारताहेत असं ऐकू येतंय. ते दोन कारणांनी होतं. एक, दातांचे कोपरे झिजून गोल झाले आणि जोर आला की डॉग बाहेर फेकला जातो. दोन, दात चांगले आहेत पण वरून ढकलणारी जोडणी डॉगला पूर्ण आतपर्यंत नेत नाही, अर्ध्यावर सोडते. दुसर्‍याकडे दुर्लक्ष केलं की चार आठवड्यांत पहिलं आपोआप होतं. म्हणून आधी होडी वापरणं थांबवा.

आणि एक प्रश्न, तो मी प्रत्येकाला विचारायचो : हे सुरू व्हायच्या आधी इंजिनाला शेवटचा हात कुणी आणि कुठे लावला?

शिडाची_होडी | रात्री ११:१०

काकांशी सहमत, पण खोलाखोलीच्या आधी फुकटची परीक्षा करा. पंख्याच्या मध्यभागी रबराचं बुश असतं. पंखा खडकावर आपटला तर गिअर वाचावेत म्हणून ते घसरतं. जुनं रबर नुसत्या जोरानेही घसरतं. इंजिन ओरडतं, होडी थंड, आणि सगळे गिअरबॉक्सवर आळ घेतात. तुमचे बाबा म्हणतात तसं पंखा ‘सटकणं’ म्हणजे हेच.

परीक्षा : पंख्याच्या मागच्या तोंडावर, आतल्या पितळी नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. पाण्यात जोर देऊन यायचं. रेघ तुटली तर बुश गेलं. अखंड राहिली तर पंखा निर्दोष.

फक्त आवाज नीट आठवा. बुश घसरताना कट्-कट् होत नाही.

कोळीवाडा_९८ | सोमवार, सकाळी ७:१५

धन्यवाद सगळ्यांना. काका, शेवटचा हात म्हणाल तर काहीच काम केलेलं नाही. पावसाळ्यात होडी वर ओढून, इंजिन ताडपत्रीखाली ठेवलं होतं. मे महिन्यात गिअर ऑइल बदललं, एवढंच.

रेघ आज ओढतो. घरात रंग नाही, बायकोची नेलपॉलिश आहे.

चहाटळ | सकाळी ७:२१

परवानगी घेतलीत का, की पुढच्या धाग्याचा विषय तोच?

मालवणी_सुकाणू | सकाळी ९:३०

आमच्याकडे तारकर्लीला पर्यटकांच्या बोटी, दिवसातून शंभर वेळा पुढे-मागे. आमचा अनुभव : दहातल्या सहा वेळा दोष गिअरचा नसतो, केबलचा असतो. कंट्रोल बॉक्सपासून इंजिनापर्यंत दोन केबली जातात, एक थ्रॉटलची, एक गिअरची. मिठाने आतली तार गंजते, ग्रीस वाळून गोंद होतो. लिव्हर पुढे जातो, तुम्हाला वाटतं गिअर पडला, पण मधेच केबल बाक काढते आणि टोकाला अर्धा इंच कमी सरकते.

तपासायला सोपं. इंजिनाकडचं गिअर केबलचं टोक सोडवा. आता लिव्हर हलवून बघा. तरीही जड लागला तर केबल नाहीतर बॉक्स. लोण्यासारखा हलला तर दोष इंजिनाकडे. मग इंजिनावरची शिफ्टची पट्टी हाताने हलवा, आणि सोबत कुणालातरी पंखा हळूहळू फिरवायला सांगा. बंद इंजिनात डॉगचे दात समोरासमोर आले तर गिअर पडतच नाही. पंखा जरासा हलवला की खट्‌कन बसतो. हे न कळल्यामुळे आमच्या एका पोराने पट्टीवर हातोडा मारला होता.

मात्र पंख्याला हात लावण्याआधी किल कॉर्डची (इंजिन झटकन बंद करणार्‍या दोरीची) क्लिप काढा, आणि दोन्ही प्लगच्या टोप्याही काढा. हे ‘जमलं तर करा’ यादीतलं नाही. गरम टू-स्ट्रोक पंखा फिरवून सुरू झालेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

लेक_मिशिगनकर | सकाळी १०:०२

इकडे शेजार्‍याकडे साठच्या दशकातलं एक इंजिन आहे, त्यात गिअर बदलायला केबल नाही, विजेच्या कॉइल आहेत! बटण दाबलं की खाली तेलात बसलेली कॉइल गिअर पकडते. तेलही त्याचं खास. वायर तुटली की आख्खा गिअरबॉक्स खोला. म्हातारा म्हणतो हे इंजिन मला बायकोने नाही, वकिलाने दिलंय.

बाकी गंमत म्हणजे याच आमच्या विस्कॉन्सिनच्या भागात ओल इव्हिनरूडने १९०९ च्या सुमाराला आउटबोर्ड विकायला सुरुवात केली. गोष्ट सांगतात की तळ्यापलीकडून होणार्‍या बायकोसाठी आइस्क्रीम आणताना वल्हवून वल्हवून ते वितळलं, आणि त्याच्या डोक्यात इंजिन आलं.

अर्धवट_अभियंता | सकाळी १०:१७

बायको आइस्क्रीमवर समाधानी असती तर आज कोळीवाडा_९८ शांत झोपले असते.

तात्पुरती_पुणेकर | सकाळी ११:४०

पाण्याचा आमचा संबंध खडकवासल्यापुरता, पण धागा वाचतेय. एक शंका : ‘आउटबोर्ड’ला मराठी शब्द काय? शासकीय कागदात ‘बाह्ययंत्र’ वगैरे काहीतरी असेल ना?

कोळीवाडा_९८ | दुपारी १:०५

आमच्याकडे सगळे ‘ओबीएम’ किंवा नुसतं ‘मशीन’ म्हणतात. प्रोपेलरला पंखा. गिअर ‘पडतो’. बाह्ययंत्र म्हटलं तर बाबा विचारतील कुणाच्या घरात भूत शिरलंय.

खारा_वारा | दुपारी २:३०

मी पण कोळीच, मढचा. इतकं काही करू नका. गिअर हळूच टाकायचा. प्रेमाने. थोडं पुढे, थोडं थांबायचं, त्याला स्वतः बसू द्यायचं. आमच्या आजोबांपासून असंच. आजची पोरं दाणकन लिव्हर मारतात, मग दात तुटतात.

गॅरेजवाले_काका | दुपारी ३:१२

खारा_वारा, रागावू नका, पण अगदी याच्या उलट आहे, आणि याच गैरसमजावर माझं घर चाललं.

वर लिहिलंय तसं, गिअर आधीच फिरतोय. डॉग थांबलेला आहे किंवा सावकाश फिरतोय. तुम्ही डॉग ‘हळूच’ जवळ नेला की फिरत्या गिअरचा प्रत्येक दात डॉगच्या दाताच्या फक्त टोकावर आपटून पुढे जातो. टर्रर्र असा आवाज येतो ना, तो म्हणजे प्रत्येक वेळी पोलादाचा एक कण कमी. अर्धा सेकंद प्रेम केलंत तर दहा ठोकरी बसतात. झटकन टाकलात तर एकच ‘टक्’ आणि दात मुळापर्यंत आत. मॅन्युअलमध्येही हेच असतं.

दाणकन म्हणजे रागाने नव्हे. इंजिन आयडलवर पाहिजे, मिनिटाला सात-आठशे फेर्‍यांच्या घरात, हजाराच्या खाली तरी. थ्रॉटल उतरवा, आवाज बसू द्या, मग एकाच हालचालीत लिव्हर न्यूट्रलमधून गिअरमध्ये. आणि पुढून मागे जाताना न्यूट्रलला एक श्वास थांबा.

आयडल वाढवून ठेवणारे लोकही यात मोडतात. थंड इंजिन बंद पडतं म्हणून कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळतात, आणि मग बाराशेवर गिअर टाकतात.

खारा_वारा | दुपारी ३:२०

तीस वर्षं होडी चालवतोय मी पण.

गॅरेजवाले_काका | दुपारी ३:२६

मान्य. किती डॉग बदलले त्या तीस वर्षांत?

खारा_वारा | दुपारी ४:४१

तीन.

चहाटळ | दुपारी ४:४२

🙏

कोळीवाडा_९८ | बुधवार, रात्री ८:५५

अहवाल.

१. नेलपॉलिशची रेघ अखंड. (गुलाबी. बाबा बघत राहिले, काही बोलले नाहीत.) म्हणजे पंखा निर्दोष.

२. केबलचं टोक सोडलं. लिव्हर मस्त हलतो, अजिबात अडकत नाही. टोकाची सरक पट्टीने मोजली, पुढे आणि मागे सारखीच.

३. गिअर ऑइल थोडं काढून बघितलं. खालचा स्क्रू ढिला करून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत अर्धा कप. काळपट मधासारखं, दुधाळ नाही. पण उन्हात धरलं तर चंदेरी चमचम आहे. चिमटीत घेतलं तर बारीक रेतीसारखं लागतं.

४. रिव्हर्स अगदी कडक बसतो, पंखा दोन्हीकडे हलत नाही. पुढच्या गिअरला पंख्याला हाताने जोर दिला तर खट् करून सुटतो.

हे सगळं करून होडी धक्क्याला बांधताना नेहमीसारखी न्यूट्रलमध्ये मागे मागे जात होती, तिला धरायला खलाशी पाण्यात उतरला आणि त्याचा मोबाइल गेला. म्हणजे आता तिकडचाही खर्च माझ्याकडेच.

शिडाची_होडी | रात्री ९:०३

चमचम वाईट. स्क्रूच्या चुंबकाला राखाडी लव लागते ती चालते, हाताला लागणारे कण नाही चालत. काकांचं पहिलं कारण दिसतंय.

नाक्यावरचा | रात्री ९:१०

मी म्हणालो होतो बदला.

अर्धवट_अभियंता | रात्री ९:१४

तुम्ही नसलेली वस्तू बदला म्हणाला होतात.

गॅरेजवाले_काका | रात्री ९:३०

थांबा, थांबा. “नेहमीसारखी न्यूट्रलमध्ये मागे मागे जात होती” हे काय? हे तुम्ही पहिल्या दिवशी का नाही लिहिलंत? कधीपासून?

कोळीवाडा_९८ | रात्री ९:४४

ऑगस्टपासूनच बहुतेक. आम्ही समजायचो ओहोटी ओढतेय.

गॅरेजवाले_काका | रात्री १०:२०

भरतीला पण मागेच जायची का? :)

आता सगळं एका ओळीत मांडा. रिव्हर्स गरजेपेक्षा कडक. न्यूट्रलमध्ये मागे सरकणं. पुढचा गिअर अर्धवट. म्हणजे डॉग जिथे मधोमध असायला हवा तिथे नाही, सगळाच्या सगळा मागे सरकून बसलाय. लिव्हर न्यूट्रलला असताना तो मागच्या गिअरला चाटतोय, आणि लिव्हर पूर्ण पुढे केला तरी पुढच्या गिअरपर्यंत पुरेसा पोचत नाही. (थंड, जाड तेलाने न्यूट्रलमध्ये पंखा थोडा फिरतो, ते वेगळं. त्याने भरलेली होडी हलत नाही.)

झीज असं करत नाही. एकट्या झिजेने न्यूट्रल हलत नसतं. हे कुणीतरी जोडताना केलंय. केबल तुम्ही तपासलीत, ती ठीक आहे. उरला शिफ्ट रॉड. तो दोन तुकड्यांत असतो, वरचा इंजिनात, खालचा गिअरबॉक्समध्ये, आणि मध्ये जोड. गिअरबॉक्स खाली उतरवायचा असेल तरच तो जोड सोडतात.

म्हणून पुन्हा विचारतो. शेवटचा हात कुणी लावला? बाबांना विचारा. तुम्ही बँकेत असता.

कोळीवाडा_९८ | रात्री ११:५८

विचारलं.

मे महिन्यात मी ऑफिसच्या ट्रेनिंगला आठ दिवस बाहेर होतो. तेव्हा इंजिनाची पाण्याची धार बारीक झाली म्हणून बाबांनी एका मिस्त्रीला बोलावून पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र बदलून घेतलं. “ते काय गिअरचा काम नाय, ते पाण्याचा काम हाय. तू गिअरचा विचारला.”

तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत.

मालवणी_सुकाणू | गुरुवार, सकाळी ६:५०

हसून चहा सांडला. इम्पेलर बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो हो! पंप त्याच्याच डोक्यावर बसलेला असतो.

तात्पुरती_पुणेकर | सकाळी ८:०५

म्हणजे डॉक्टरला “छातीत दुखतंय” सांगायचं आणि जिन्यावरून पडलो ते “पायाचं आहे” म्हणून सांगायचं नाही. आमच्या सासर्‍यांची पद्धत.

गॅरेजवाले_काका | सकाळी ८:४०

बाबांना काही बोलू नका. इम्पेलर बदलायची त्यांना वेळेवर आठवण झाली, नाहीतर आज आपण जळलेल्या पिस्टनवर धागा वाचत असतो.

आता काम. मधल्या उभ्या भागाच्या पुढच्या अंगाला बहुधा रबरी झाकण असेल, किंवा गिअरबॉक्स थोडा खाली केल्यावर दिसेल : दोन्ही रॉडना जोडणारा लांबट नट आणि त्याला घट्ट धरणारा चेकनट. मिस्त्रीने उतरवताना नट किती आटे आत होता ते मोजलं नाही, अंदाजाने परत पिळला. तीन-चार आट्यांचा फरक खाली डॉगला मिलिमीटरमध्ये लागतो, आणि तिथे सगळा खेळच काही मिलिमीटरचा आहे.

कंट्रोल लिव्हर न्यूट्रलला. प्लगच्या टोप्या काढलेल्या. खालचा रॉड चिमट्याने धरून वर-खाली करत, सोबत पंखा फिरवत, पुढचा कुठे बसतो आणि मागचा कुठे बसतो ते शोधा. रॉडवर मार्करने दोन्ही जागा खुणा करा. बरोबर मध्यावर तिसरी खूण, तिथे पंखा दोन्ही बाजूंना मोकळा, आवाज न करता फिरला पाहिजे. तिथे ठेवून वरच्या रॉडला जोडा, मग चेकनट. नट दोन्ही रॉडवर पुरेसा चढलेला असू द्या, टोकावर लटकता नको. मॅन्युअल मिळालं तर त्यातलं माप माझ्या अंदाजापेक्षा खरं.

आणि गिअरबॉक्स परत चढवताना पाण्याची तांब्याची नळी पंपाच्या रबरात नीट शिरली ना बघा. एक दुरुस्त करताना दुसरं मारू नका.

खारा_वारा | सकाळी ९:१५

भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसात करा हे. उधाणाला काम अर्धवट राहिलं तर होडी वाळूवरून उचलून नेईल पाणी.

गॅरेजवाले_काका | सकाळी ९:१८

हा सल्ला माझ्यापेक्षा मोलाचा.

कोळीवाडा_९८ | सोमवार, रात्री १०:३०

रविवारी बसलो. मी, बाबा, खलाशी, आणि सल्ला द्यायला सात जण.

चेकनट ढिला होता. हाताने फिरला! म्हणजे नट नुसता चुकीच्या आट्यावर नव्हता, चालवताना आणखी सरकत होता. म्हणूनच ऑगस्टमध्ये कधीतरी व्हायचं आणि आता रोज. काकांनी सांगितलं तशा तीन खुणा केल्या. आमचा जोड मधल्या खुणेपासून जवळजवळ पाच आटे लांब होता. मध्यावर आणल्यावर पंखा एका बोटाने फिरला, दोन्हीकडे. बाबा स्वतः दहा-बारा वेळा फिरवत बसले.

आज पहाटे नेऊन आणलं. न्यूट्रलला होडी जागच्या जागी. खलाशी म्हणतो आता सवय मोडली, धक्क्याला लागताना चुकतो. पुढचा गिअर पाऊण थ्रॉटलपर्यंत घट्ट. पण पूर्ण उघडला, जाळी भरलेली असताना, तर दोनदा कट् झालं. एकेकदाच. दोन महिने अर्ध्या दातांवर चालवल्याचा प्रसाद असणार.

आता? डॉग कुठे मिळेल?

अर्धवट_अभियंता | रात्री १०:४५

ऑइल सील आणि बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला मापावर मिळतात, जुना तुकडा आणि व्हर्नियर घेऊन जा. सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा, जाडी. दुकानदार आकड्यांशिवाय मान वर करत नाही. डॉग मात्र मापावर मिळणार नाही, तो इंजिनाचाच लागेल. दारूखान्याला चक्कर मारायला हरकत नाही, जहाजं तोडलेला माल येतो तिथे, लाइफबोटीची इंजिनंही दिसतात. नशिबाचा भाग.

मालवणी_सुकाणू | रात्री ११:०२

नवीन घ्यायच्या आधी : जुने लोक डॉग काढून उलटा बसवतात. रिव्हर्सची बाजू कमी वापरात असल्यामुळे तिचे दात कोरे असतात, ते पुढे येतात. आमची एक बोट तशी चार सीझन चालली.

शिडाची_होडी | रात्री ११:१५

सावकाश! दोन्ही तोंडं सारखी असतील तरच. कितीतरी इंजिनांत डॉगवर ‘एफ’ अशी खूण कोरलेली असते, ती पुढच्या गिअरकडेच यायला हवी. आणि गिअरचे दात पण झिजलेत का ते बघा. एकच नवा टाकला तर जुना त्याला आपल्यासारखा करून घेतो.

चहाटळ | रात्री ११:१६

हे वाक्य लग्नाच्या धाग्यावर हलवा.

गॅरेजवाले_काका | मंगळवार, सकाळी ७:३०

शिडाची_होडी बरोबर. ‘एफ’ दिसला तर उलटायचा विचार सोडा. माझं मत : गिअरबॉक्स उघडाच, डॉग आणि पुढचा गिअर जोडीने बदला, पंख्याच्या शाफ्टचे सील त्याच वेळी. सीलच्या मागे तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) गुंडाळलेला सापडला तर मला कळवा, सापडतोच. पिनियन आणि गिअरमधल्या फटीसाठी पातळ चकत्या असतात, त्या जशा निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. नवीन गिअर टाकला की ती फट पुन्हा मोजून घ्यावी लागते, म्हणून हे काम घरच्या घरी नको, माप घेणारा मिस्त्री बघा. तेल ईपी ९०, खालच्या छिद्रातून भरायचं, वरच्यातून बुडबुडे न येता बाहेर यायला लागलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा. वरून ओतलं की आत हवा अडकते. वॉशर नवीन. दहा रुपयांच्या वॉशरने लाखाचं पाणी आत घेतात लोक.

तोवर पाऊण थ्रॉटलच्या वर जाऊ नका. आणि खांबांमधून जाताना नांगर हाताशी, दोरी मोकळी.

कोळीवाडा_९८ | १९ दिवसांनी, रात्री ९:१०

धागा अर्धवट सोडून गेलो, माफी. पार्ट यायला वेळ लागला.

उघडला. पुढच्या बाजूचे डॉगचे दात साबणाची वडी महिनाभर वापरल्यावर होते तसे, कोपरा म्हणून नाहीच. मागची बाजू नव्यासारखी. ‘एफ’ होता, म्हणून उलटला नाही. डॉग, पुढचा गिअर, दोन सील. काका, तंगूस निघाला, सीलच्या ओठात घट्ट रुतलेला, साधारण वीतभर. पाणी आत शिरायचं तेवढं बाकी होतं. चेकनटवर या वेळी थ्रेड लॉक (आटे सुटू न देणारा गोंद) लावला आणि रंगाने खूण केली. तीच गुलाबी.

शनिवारी भरल्या होडीने पूर्ण थ्रॉटल, वरळीच्या किल्ल्यापासून बाहेर. एकदाही नाही.

खारा_वारांचा आणि बाबांचा पंथ एकच, हे मी लिहिलं नव्हतं. बाबा पण गिअर ‘हळूच’ टाकणारे. झिजलेला डॉग त्यांच्या हातात दिला. अंगठा फिरवून बघितला बराच वेळ. मग म्हणाले, “बोट सांभाळाला लेकरासारखा, त्याचाच हा जाला होय.” काल पहिल्यांदा त्यांनी लिव्हर खट्‌कन टाकला. खलाशी मागे पडला.

खारा_वारा | रात्री ९:३५

डॉग फेकू नका. फोटो टाका. आमच्या म्हातार्‍याला दाखवायचाय.